‘युंगचंग वांगछाओ’ पहिल्यांदा पाहताय? राजपुत्र मोजू नका, चांदी मोजा

‘युंगचंग वांगछाओ’ म्हणजे ‘युंगचंग राजवट’ ही ४४ भागांची चिनी मालिका जानेवारी १९९९ मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीवर सुरू झाली. दिग्दर्शन हू मेइ यांचं, पटकथा ल्यू हपिंग यांची, आधार अर युएह यांच्या कादंबरीचा. विषय आहे चिंग घराण्याचा सम्राट युंगचंग, कारकीर्द १७२२ ते १७३५.

मालिका उत्तम आहे, पण नवख्याला पहिले चार-पाच भाग जड जातात. पुढून मुंडलेली, मागे वेणी घातलेली डोकी सगळी एकसारखीच. सगळे भाऊ, सगळ्यांच्या नावाची सुरुवात ‘यिन’ने, आणि बोलणं काय तर सरकारी थकबाकीचं. कटकारस्थान सुरू होईल म्हणून वाट बघावी, तर दोन भाग पुराच्या मदतनिधीवर जातात. घोटाळा इथेच होतो. थकबाकी ही पार्श्वभूमी नाही, तीच गोष्ट आहे. तिजोरीत किती चांदी आहे, ती कोणी खाल्ली आणि ती परत कोण आणू शकतो, या धाग्याने मालिका पाहिली की राजपुत्र आपोआप ओळखीचे होतात.

१. हाती लागलेली मालिका तीच आहे ना, हे आधी पाहा

हाच सम्राट चिनी पडद्यावर पुष्कळदा आलेला आहे. २०११ साली आलेल्या चन ह्वान या राणीवरच्या ७६ भागांच्या मालिकेतला बादशहा म्हणजे युंगचंगच, पण तिथे गोष्ट जनानखान्याची. त्याच वर्षीच्या ‘पू पू चिंग शिन’मध्ये आजची मुलगी युंगचंगचे वडील सम्राट कांगशी यांच्या काळात जाऊन पडते आणि चौथ्या राजपुत्राच्या प्रेमात पडते. २००१ ची ‘कांगशी वांगछाओ’ ही वडिलांच्या कारकिर्दीवरची वेगळी मालिका आहे.

आपल्याला हवी आहे ती ओळखायच्या खुणा अशा: भाग ४४, युंगचंगच्या भूमिकेत थांग ग्वोछ्यांग (१९९४ च्या ‘तीन राज्यां’च्या मालिकेतले चुगे ल्यांग तेच), म्हाताऱ्या कांगशीच्या भूमिकेत च्याओ हुआंग, शीर्षकगीत ल्यू हुआन यांच्या आवाजात.

शोधताना रोमन अक्षरांत नाव टाकलं की भलत्याच मालिका वर येतात. विकिपीडियावरच्या मालिकेच्या पानावरून चिनी लिपीतलं नाव नक्कल करा आणि तेच शोधचौकटीत टाका. पुढे तीन गोष्टी तपासा:

- चित्राची चौकट. मालिका जुन्या, जवळपास चौकोनी पडद्यासाठी काढलेली आहे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर चांगलं. चेहरे फुगलेले दिसले तर चित्र ताणलेलं आहे. वरून-खालून कापलेल्या प्रतीत चिनी उपशीर्षकंही अर्धी कापली जातात.
- भागांची संख्या. काही ठिकाणी एका भागाचे दोन तुकडे केलेले असतात, त्यामुळे आकडा ४४ च्या पुढे जातो. भागाच्या आकड्यावर विसंबू नका, प्रसंगावर विसंबा.
- उपशीर्षकं. यंत्राने केलेली इंग्रजी उपशीर्षकं नावांचा चुथडा करतात. एकच माणूस कुठे ‘फोर्थ मास्टर’, कुठे ‘लॉर्ड फोर’, कुठे ‘सी-ये’ होतो. पहिल्या भागातली दहा मिनिटं पाहा. एकाच दृश्यात एकाच माणसाची तीन नावं आली तर दुसरी प्रत शोधा. माणसाने केलेली उपशीर्षकं मिळाली तर चित्र जरा धूसर असलं तरी तीच घ्या.

२. सोबत काय ठेवायचं

- एक वही. डाव्या पानावर माणसं, उजव्या पानावर चांदीचा हिशेब.
- दोन रंगांची पेनं. चौथ्याच्या बाजूचे एका रंगात, आठव्याच्या बाजूचे दुसऱ्या.
- चीनचा साधा नकाशा. त्यावर एवढी ठिकाणं ठळक करा: पेइचिंग, त्याच्या ईशान्येला रह (आजचं छंगत), जिथे उन्हाळी मुक्काम आणि शिकार होते, यांगत्सेकाठचं यांगचौ, मिठाच्या व्यापाऱ्यांचं गाव, थाययुआन, शान्शी प्रांताची राजधानी, खायफंग, हनान प्रांताची तेव्हाची राजधानी, पश्चिमेला शीनिंग, लढाईचं ठाणं, आणि हांगचौ. पीत नदी खायफंगजवळून कशी जाते तेही पाहा. ती फुटली की खर्च, आणि खर्च आला की भांडण.
- वेळ. भाग साधारण पाऊण तासाचा, म्हणजे एकूण ३३ तासांच्या आसपास. रोज दोन भाग बरे. दीडपट वेगाने पाहू नका: इथली माणसं जे बोलतात त्यापेक्षा जिथे थांबतात ते महत्त्वाचं असतं, आणि वेग वाढवला की पहिल्यांदा तेच जातं.

३. सालाचं गणित एकदाच करून ठेवा

पडद्यावर ‘कांगशी ४६ वं वर्ष’ असं येतं. आपल्याकडे राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजतात तसाच हा प्रकार, फक्त दर सम्राटागणिक मोजणी नव्याने सुरू. सूत्र सोपं:

- कांगशीच्या वर्षात १६६१ मिळवा. ४६ + १६६१ = १७०७.
- युंगचंगच्या वर्षात १७२२ मिळवा. युंगचंग ३ म्हणजे १७२५, युंगचंग १३ म्हणजे १७३५.

मालिका सुरू होते ती १७०७ मध्ये. मराठी वाचकाला हे साल वेगळं सांगायला नको: औरंगजेब गेला आणि शाहू मोगलांच्या छावणीतून सुटले ते हेच वर्ष. युंगचंगची अख्खी कारकीर्द थोरल्या बाजीरावांच्या पेशवाईत (१७२० ते १७४०) बसते. दोन्हीकडची सनावळी शेजारी शेजारी मांडली की काळ डोक्यात पक्का राहतो.

महिने चांद्र आहेत, अधिक महिनाही असतो. त्यामुळे कांगशीचा मृत्यू ‘अकराव्या महिन्याच्या तेराव्या दिवशी’ म्हटला की तो नोव्हेंबर समजू नका. ती तारीख २० डिसेंबर १७२२ आहे. पंचांगाच्या शेवटच्या महिन्यात तर सालही हुकतं. न्येन गंगयाओ हा सेनापती ‘युंगचंग ३, बारावा महिना’ यात मेला, पण आपल्या हिशेबी तो जानेवारी १७२६.

कांगशी, युंगचंग, छ्येनलुंग (युंगचंगचा मुलगा) ही कारकिर्दींची नावं आहेत, माणसांची नव्हेत. युंगचंगचं स्वतःचं नाव यिनचन. निम्म्याच्या जरा आधीपर्यंत मालिकेत ‘युंगचंग’ कोणी नसतोच, असतो तो ‘चौथा’.

४. नऊ भावांचा तक्ता

कांगशीच्या क्रमांक मिळालेल्या मुलग्यांची संख्या २४. वारसाच्या भांडणात नऊ. नावं पाठ करायच्या फंदात पडू नका, क्रमांक धरा; पडद्यावरची माणसंही एकमेकांना क्रमांकानेच हाक मारतात. वहीत एवढं उतरवा:

- पहिला, यिनच. वयाने थोरला, पण पट्टराणीचा नाही. लवकर बाद होतो.
- दुसरा, यिनरंग. युवराज. पट्टराणीचा मुलगा; जानेवारी १६७६ मध्ये, तान्ह्या वयात युवराज केलेला. १७०८ मध्ये पदच्युत, १७०९ मध्ये पुन्हा युवराज, १७१२ मध्ये कायमचा बाद. इतकी वर्षं वाट पाहून माणसाचं काय होतं ते या पात्रात बघा.
- तिसरा. याचंही नाव कानाला यिनचच लागतं, चिनी अक्षर वेगळं. ग्रंथांत रमणारा, वाऱ्याची दिशा पाहून बोलणारा.
- चौथा, यिनचन. आपला नायक. कामसू, तुटक, कोणाला न आवडणारा.
- आठवा, यिनस. हसरा, उदार, सगळ्यांचा लाडका. दरबारातले बहुतेक अधिकारी याच्या खिशात.
- नववा, यिनथांग. आठव्याच्या गटाचा पैसा.
- दहावा, यिनअ. आठव्याच्या गटाचं तोंड. मोठमोठ्याने ओरडणारा दिसला की तो हाच.
- तेरावा, यिनश्यांग. चौथ्याचा उजवा हात. जिवाला जीव देणारा, डोक्याने जरा गरम.
- चौदावा, यिनथी. चौथ्याचा सख्खा भाऊ, पण गट आठव्याचा. १७१८ मध्ये पश्चिमेच्या मोहिमेचा सरसेनापती.

गट दोनच लक्षात ठेवा: एकीकडे चौथा आणि तेरावा, दुसरीकडे आठवा, नववा, दहावा आणि चौदावा. पहिले तिघे सुटे.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे चौथा आणि चौदावा. यांत्रिक उपशीर्षकांत हे दोन अंक सर्रास बदलतात, आणि गोष्टीचा कणाच त्या दोघांत आहे. तेव्हा कपड्यांवर नजर ठेवा: चिलखतातला तो चौदावा. दुसरं म्हणजे राज्यारोहण. नव्या सम्राटाच्या नावातलं अक्षर भावांना वापरता येत नसे, म्हणून ‘यिन’चं ‘युन’ झालं. उपशीर्षकांत अचानक युनस, युनश्यांग दिसू लागले तर नवी माणसं आली असं समजू नका. त्यातच पदव्या येतात: आठवा होतो ‘ल्येन’ राजकुमार, तेरावा ‘यी’ राजकुमार. वहीत त्याच ओळीत लिहून टाका.

५. चांदीचा हिशेब: मालिकेची किल्ली

मोजमाप ‘ल्यांग’. एक ल्यांग म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम चांदी, आपल्या तीन तोळ्यांहून थोडी जास्त. कोणी रक्कम सांगितली की ती उजव्या पानावर लिहा आणि खालील दोन आकड्यांशी ताडून पाहा.

सातव्या दर्जाच्या तालुका-अधिकाऱ्याचा वर्षाचा पगार ४५ ल्यांग. पहिल्या दर्जाच्या, म्हणजे सर्वांत वरच्या अधिकाऱ्याचा १८०. यात कारकून, पाहुणे, वरिष्ठांच्या भेटी, स्वतःचं घर, काहीच भागत नाही. म्हणजे वरकमाई ही कोणा एकाची वाईट सवय नाही, ती रचनेतच बसवलेली आहे. हे ध्यानात घेतलं नाही तर मालिका ‘वाईट अधिकारी आणि चांगला राजा’ एवढीच दिसते, आणि ती तेवढी नाही.

आता थकबाकी. कांगशी म्हातारपणी सैल झाला. अधिकारी तिजोरीतून उसनवारी करत गेले, राजपुत्रांनीही केली. वहीत शिल्लक दिसते, कोठारात चांदी नाही. पूर आला तेव्हा हे उघडं पडलं. वसुलीचं काम चौथा आणि तेरावा अंगावर घेतात, आणि दरबारातली झाडून सगळी माणसं त्यांची शत्रू होतात. पहिल्या आठ-दहा भागांचं सूत्र हेच. आठवा लाडका का? कारण तो कोणाकडे वसुलीला जात नाही.

राज्यारोहणानंतर चार सुधारणा येतात. संवादांत त्या घाईने उरकतात, म्हणून आधीच समजून घ्या.

अ) बट्ट्याचं सरकारीकरण. शेतकरी कर चांदीच्या बारीक तुकड्यांत भरत. ते वितळवून लगडी करताना घट येते, म्हणून वर थोडी चांदी जास्त घेत. आपल्याकडे झिजलेल्या नाण्यांवर बट्टा लावत, त्याच जातीचा हा आकार. खरी घट शेकड्याला एक-दोन. वसुली दहा, वीस, काही ठिकाणी चाळीसपर्यंत. फरक अधिकाऱ्याच्या घरी. युंगचंगने १७२४ मध्ये हा बट्टा उघडपणे मान्य केला, दर बांधून दिला आणि ती रक्कम प्रांताच्या तिजोरीत घ्यायला लावली.

आ) सचोटीचा भत्ता. त्याच रकमेतून अधिकाऱ्यांना भरघोस भत्ता. प्रांताच्या सुभेदाराला वर्षाला दहा हजार ल्यांगच्या वर. वरच्या १८० शी ताडून पाहा.

इ) डोईपट्टी जमिनीत. दर माणशी कर बंद करून तो जमीनसाऱ्यात मिळवला. ज्याला जमीन नाही त्याला कर नाही. कांगशीने १७१२ मध्येच डोईपट्टीची एकूण रक्कम गोठवली होती, म्हणून हे जमलं.

ई) सुशिक्षितांची सवलत बंद. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना वेठबिगार माफ होती, करातही ते सवलती उकळत. हनानमध्ये युंगचंगचा अधिकारी थ्येन वनचिंगने त्यांनाही बांधकामाच्या कामाला जुंपलं, आणि परीक्षार्थींनी परीक्षेवर बहिष्कार टाकला. हे मालिकेचं तिखटमीठ नाही: हनानच्या फंगछ्यू तालुक्यात १७२४ मध्ये तसा बहिष्कार खरोखर पडला होता.

एकूण परिणाम? कांगशीच्या अखेरीस तिजोरीत सुमारे ८० लाख ल्यांग आणि १७३० च्या सुमारास सहा कोटींच्या आसपास, असे आकडे नेहमी दिले जातात. पुढे पश्चिमेच्या लढाईत त्यातला मोठा वाटा खर्च झाला.

६. टप्पे पाडून पाहा

सलग ४४ भाग म्हणून नव्हे, सहा टप्प्यांत पाहा आणि टप्पा संपला की एक दिवस मध्ये जाऊ द्या.

*पहिला टप्पा: पूर, यांगचौचा मदतनिधी, थकबाकीची वसुली.* इथे चौथ्याचा स्वभाव कळतो. त्याच्या घरात येणारा लंगडा पंडित वू सिदाओ नीट लक्षात ठेवा. पुढची प्रत्येक चाल त्याच्या सल्ल्याने होते.

*दुसरा: न्यायखात्यातला घोटाळा आणि ‘शंभर अधिकाऱ्यांची कुंडली’.* श्रीमंत गुन्हेगाराऐवजी गरिबाला फाशी देण्याचा धंदा उघडा पडतो. कुंडली म्हणजे अधिकाऱ्यांच्या कुलंगड्यांची नोंदवही. ती हाती आल्यावर चौथा तिचं काय करतो, हे पाहिल्याशिवाय त्या दिवशी थांबू नका.

*तिसरा: युवराज जातो, येतो, पुन्हा जातो.* रहच्या शिकारीपासून सुरू. कांगशी सगळ्यांना विचारतो, नवा युवराज कोण असावा. जवळजवळ सगळे आठव्याचं नाव घेतात, आणि आठवा तिथेच हरतो. म्हाताऱ्या सम्राटाला दरबाराची एकजूट बघून आनंद होत नाही, भीती वाटते. च्याओ हुआंग यांचा अभिनय या टप्प्यात बघावा. पुष्कळांना ही मालिका आवडते ती खरं तर कांगशीसाठी, आणि त्यात काही वावगं नाही.

*चौथा: कांगशीचा अंत.* जागा छांगछुन बाग, पेइचिंगच्या वायव्येला. लष्करी बंदोबस्त लुंगखोदोच्या हाती, चौदावा हजारो कोस दूर पश्चिमेला, आठव्याचा गट दाराशी. कोण कुठे उभा आहे ते कागदावर काढा. प्रसंग लांब आहे, पण त्याचा सगळा जोर जागांवर आहे.

*पाचवा: नवी राजवट.* शान्शीतली तूट, परीक्षेतली प्रश्नफुटी, छिंगहायची लढाई, न्येन गंगयाओचा उदय आणि अस्त. न्येनचे भाग नव्या प्रेक्षकाला सर्वांत सोपे जातात, कारण चढता-उतरता आलेख सरळ आहे. शान्शीचं प्रकरण मात्र दोनदा पाहा. सुभेदार सांगतो तूट भरून निघाली, सम्राट त्याला ‘जगातला पहिला सुभेदार’ म्हणून फलक देतो, आणि कोठारातली चांदी व्यापाऱ्यांकडून उसनी आणलेली निघते. अपमान झाला तो सम्राटाचाच. पुढे त्याचा संशय इतका का वाढतो, याचं उत्तर इथे आहे.

*सहावा: हनान, आठव्याशी शेवटचा सामना, तेराव्याचा मृत्यू, स्वतःचा शेवट.* इथे वेग मंदावतो. कंटाळा आला तर उजव्या पानावरचा हिशेब चाळा: पहिल्या भागात जी रक्कम नव्हती ती आता आहे, आणि ज्यांच्यासाठी ती जमवली ते भोवती उरलेले नाहीत.

७. कागदपत्रांकडे लक्ष द्या

युंगचंग घोड्यावर क्वचित दिसतो, मेजाशी सतत. हे नीरस वाटेल, पण त्याचं राज्य चाललं ते तिथूनच.

त्याची यंत्रणा म्हणजे गुप्त पत्रं. निवडक अधिकाऱ्यांना कुलूपबंद पेट्या दिलेल्या. किल्ली एक त्यांच्याकडे, दुसरी सम्राटाकडे. पत्र मधल्या कोणत्याही कचेरीत उघडायचं नाही. सम्राट लाल शाईत शेरा मारून परत पाठवी, आणि वाचून झालं की ते पत्र पुन्हा राजवाड्यात जमा करावं लागे. म्हणजे एकाच सुभ्यातले दोन अधिकारी एकमेकांविरुद्ध लिहीत असतील, तर ते फक्त सम्राटालाच ठाऊक. मालिकेत एखाद्याची पेटी बंद झाली किंवा त्याचं पत्र शेऱ्याविना परत आलं, तर तो माणूस संपला असं समजा. तलवार निघण्याच्या पुष्कळ आधी हे घडतं.

खऱ्या शेऱ्यांची भाषाही बघण्यासारखी. थ्येन वनचिंगच्या पत्रावर युंगचंगने लिहिलं होतं, की मी असाच गडी आहे, असाच स्वभाव, असाच बादशहा. थांग ग्वोछ्यांग यांनी हा माणूस बोलण्यापेक्षा खांद्यांतून जास्त उभा केला आहे.

वारसाचीही व्यवस्था त्याने कागदावर आणली: १७२३ मध्ये नाव लिहून पेटी छ्येनछिंग महालातल्या फलकामागे ठेवून दिली. युवराज जाहीरच नाही, तर त्याच्याभोवती गट कसा जमणार? तिसऱ्या टप्प्यातून तो काय शिकला ते हे.

८. दरबारी खाणाखुणा, थोडक्यात

- टोपीवरचा मणी दर्जा सांगतो: लाल सर्वांत वर, मग निळा, मग पांढरा, शेवटी सोनेरी. टोपी काढून घेतली म्हणजे पद गेलं.
- मोरपीस आणि पिवळं जाकीट ही सम्राटाची बक्षिसं. न्येनच्या अंगावर ती कधी येतात आणि कधी जातात ते पाहा.
- मांचू (चिंग घराणं ज्या जमातीचं ती) अधिकारी स्वतःला ‘नूत्साय’ म्हणजे गुलाम म्हणवतो, हान चिनी अधिकारी ‘छन’ म्हणजे सेवक. गुलाम म्हणवणारा इथे घरचा आहे, खालचा नव्हे.
- मुलं सम्राटाला ‘ह्वांग आमा’ म्हणतात. यात ‘आमा’ म्हणजे बाप. कानाला आई वाटेल, फसू नका.
- ‘त्सुंगतू’ दोन-तीन प्रांतांवरचा, ‘श्युनफू’ एका प्रांतावरचा.

९. जे पाहिलं ते इतिहास म्हणून सांगायच्या आधी

मालिकेने युंगचंगची बाजू घेतली आहे, ती लपवलेलीही नाही. पण पुढील गोष्टी खऱ्या म्हणून चारचौघांत सांगाल तर तोंडघशी पडाल.

शान्शीचा लबाड सुभेदार नोमिन: खरा नोमिन उलट बट्ट्याची सुधारणा पहिल्यांदा राबवणाऱ्यांपैकी. थ्येन वनचिंगने १७२३ मध्ये शान्शीतला दुष्काळ सम्राटाच्या कानावर घातला हे खरं, पण तो दडवणारा सुभेदार नोमिनच्या आधीचा, देयिन. मालिकेने दोन माणसं एक केली, आणि बिचारा सुधारक कायमचा बदनाम झाला.

चौथ्याचा विश्वासू ली वेइ प्रत्यक्षात भिकारी पोर नव्हता. खात्यापित्या घरचा होता आणि पैसे भरून अधिकारी झालेला. वू सिदाओ नावाचा मसलती खरा, पण तो थ्येन वनचिंगच्या कचेरीतला; सम्राट घडवणारा पंडित ही कादंबरीची करामत. प्रश्नफुटीत ज्याला मृत्युदंड होतो तो चांग थिंगलू प्रत्यक्षात १७४५ पर्यंत जगला. आठव्याने ‘आठ राजकुमारांची सभा’ पुन्हा आणायचा घाट घालून भर दरबारात केलेला उठाव असा घडलाच नाही. आठवा आणि नववा दोघेही १७२६ मध्ये कैदेत मेले. त्याआधी त्यांना आकिना आणि साइसहे अशी हिणकस नावं घ्यायला लावली होती. युंगचंगच्या हयात मुलांतला थोरला होंगशी राजघराण्यातून काढला गेला आणि १७२७ मध्ये मेला; कसा, यावर वाद आहे.

कांगशीच्या मृत्युपत्रात ‘चौदावा’चं ‘चौथा’ केलं ही दंतकथा मालिका मानत नाही, आणि ते बरोबरच आहे. अशा आज्ञापत्रात ‘सम्राटाचा चौथा पुत्र’ अशी ठरीव लिखावट असे आणि मांचू भाषेतली प्रतही असे. एक रेघ ओढून काम भागलं नसतं. युंगचंगच्या शेवटाबद्दल मात्र मालिका जरा सोवळी आहे. ती त्याला कामाच्या ओझ्याने मारते. ८ ऑक्टोबर १७३५ ला तो गेला, आणि नव्या सम्राटाने लगेच राजवाड्यातल्या ताओपंथी रसायनवाल्यांना हाकलून दिलं. अमर होण्याच्या गोळ्यांचा संशय तिथून येतो.

१०. पाहून झाल्यावर

आता २०११ ची जनानखान्याची मालिका पाहायला हरकत नाही. आधी पाहिली तर सम्राट विक्षिप्त म्हातारा वाटतो. नंतर पाहिली तर तो दिवसभर काय करून आत येतो ते तुम्हाला माहीत असतं. ल्यू हपिंग यांची लेखणी आवडली असेल तर २००७ ची ‘ता मिंग वांगछाओ १५६६’ घ्या. ४६ भाग, तिथेही सगळं रिकाम्या तिजोरीभोवती, आणि ती याहून अवघड आहे.

पेइचिंगला जाणं झालं तर तीन ठिकाणं. युंगहगुंग: चौथ्याचा राजपुत्र असतानाचा वाडा, १७४४ मध्ये त्याचा तिबेटी बौद्ध मठ झाला, त्याच नावाचं मेट्रो स्थानक आहे. छपरावरची पिवळी कौलं घातली गेली ती त्याचं शव इथे ठेवलं म्हणून. दुसरं ठिकाण निषिद्ध नगरी, म्हणजे सम्राटांचा राजवाडा: तिकीट पासपोर्ट क्रमांकाने आधीच ऑनलाइन काढावं लागतं आणि सोमवारी ती सहसा बंद असते. छ्येनछिंग महालात फलक दारातूनच पाहता येतो, आत सोडत नाहीत. गर्दीत पुढे पोचायचं तर सकाळची पहिली वेळ घ्या. तिसरं, त्याची समाधी, शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास नैर्ऋत्येला, यी तालुक्यात. वडिलांची समाधी पूर्वेकडच्या राजसमाध्यांत असल्यामुळे दोन्ही एका दिवसात बघायचा बेत करू नका.